पावसाळ्यात परत येणारे बोर्ड: पांढरा थर, अर्धवट धुलाई आणि स्टेन्सिल

जून सरता सरता शेतीपंपाच्या ऑटो स्टार्टरचे बोर्ड परत यायला लागतात. तक्रार ठरलेली असते. लाइनचं व्होल्टेज नीट असताना स्टार्टर ‘हाय व्होल्टेज’ दाखवून पंप बंद करतो, आणि दुपारी ऊन पडलं की आपोआप सुरळीत चालतो. टेबलावर घेऊन तपासला तर बोर्डात काहीच दोष सापडत नाही. भिंगाखाली मात्र सोल्डरच्या सांध्यांभोवती पांढुरका थर दिसतो. मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), ब्रश, हॉट एअर, आणि बोर्ड शेतकऱ्याकडे परत. पुढच्या झडीत तोच बोर्ड पुन्हा हजर.

भोसरी, सातपूर, वाळूज इथल्या ज्या छोट्या युनिटमध्ये अजून हाताने सोल्डर पेस्ट प्रिंट होते, हाताने टच-अप (सांध्यांची दुरुस्ती) होतो आणि ट्रेमधल्या आयपीएने बोर्ड पुसले जातात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पांढरा थर परत येतो म्हणून आयपीए वाढवत नेणं हा या दुखण्याचा इलाज नाही. बऱ्याचदा दुखणं त्या आयपीएनेच उघडं पडलेलं असतं, आणि त्याची सुरुवात उत्पादनाच्या लाइनच्या दुसऱ्या टोकाला, स्टेन्सिलपाशी (बोर्डावर पेस्ट उतरवायच्या भोकांच्या पत्र्यापाशी) झालेली असते.

आधी ‘हाय व्होल्टेज’चं गणित पाहू. फेजचं व्होल्टेज मोजायला वरच्या बाजूला साधारण १ मेगाओहमची रेझिस्टरची माळ असते. तिच्या दोन टोकांमध्ये ओलसर फ्लक्सचा (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायच्या रसायनाचा) १० मेगाओहमचा थर समांतर बसला, की माळ ०.९०९ मेगाओहमची होते आणि रीडिंग १० टक्क्यांनी वर जातं. ४१५ चे ४५६ दिसतात आणि कंट्रोलर प्रामाणिकपणे पंप बंद करतो. १० मेगाओहम म्हणजे मल्टिमीटरवर ‘चांगलं इन्सुलेशन’ वाटेल असा आकडा. शिवाय कोरड्या टेबलावर तो थर १० मेगाओहमही दाखवत नाही, जवळजवळ ओपनच दाखवतो. म्हणून दोष सापडत नाही.

पांढरं आहे ते नेमकं काय?

हे ठरवल्याशिवाय बाटली उघडू नका. परत आलेल्यांपैकी एक भंगार बोर्ड बाजूला काढा, भिंग घ्या आणि हे थेंब टाकून पाहा.

पहिला थेंब कोमट डीआय (क्षार काढलेल्या) पाण्याचा. मिनिटभर ठेवून टिपकागदाने उचला, जागा वाळू द्या. पांढरं गेलं असेल तर ते पाण्यात विरघळणारं आहे: फ्लक्समधली ॲडिपिक, सक्सिनिकसारखी आम्लं, नाहीतर हाताच्या घामाचं मीठ.

दुसरा थेंब आयपीएचा. इथे डोळा फसतो. आयपीए टाकताच पांढरं दिसेनासं होतं आणि ऑपरेटर ‘गेलं’ म्हणून बोर्ड पुढे सरकवतो. ते गेलेलं नसतं, नुसतं ओलं झाल्यामुळे पारदर्शक दिसत असतं. पूर्ण वाळेपर्यंत थांबा. जिथल्या तिथे परत उगवलं तर ते आयपीएत विरघळतच नाही. थेंबाच्या कडेला कड्यासारखं जमलं तर ते रोझिन, म्हणजे फ्लक्समधली राळ आहे. विरघळलं, पण बोर्डावरच राहिलं.

तिसरी परीक्षा: ज्या फ्लक्सने काम झालं तोच ताजा फ्लक्स त्या जागी लावा, आयर्नने गरम करा आणि लगेच स्वच्छ करा. आता थर निघाला तर ते भाजून कडक झालेलं रोझिन होतं. लेड-फ्री (बिनशिशाच्या) कामात हे जास्त होतं, कारण एसएसी ३०५ हा कथील-चांदी-तांब्याचा मिश्रधातू २१७ ते २२० अंशांच्या दरम्यान वितळतो आणि टच-अपला आयर्न सांध्यावर जास्त वेळ टेकलेला राहतो.

या तिन्हीला दाद न देणारं पांढरं म्हणजे बहुधा कथील किंवा शिशाचे क्षार. ६३/३७ (कथील-शिसं) तार आणि हॅलाइड (क्लोराइड वगैरे) असलेला फ्लक्स वापरत असाल तर इकडे नीट लक्ष द्या. क्लोराइड शिशाशी जुळतं, हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड त्याचं लेड कार्बोनेट करतात, आणि सुटलेलं आम्ल पुन्हा नवीन शिसं खायला मोकळं होतं. हा थर पुसल्यावरही वाढत राहतो, कारण त्याचं इंधन संपलेलं नसतं. इथे फ्लक्सच बदलावा लागतो.

आणखी एक शक्यता पटकन तपासता येते. सांध्यांपासून दूर, बोर्ड ज्या कडेवर उभा राहून वाळला तिथे गोल कड्यांचे डाग असतील तर ते बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचे आहेत. भंगार बोर्डावर व्हिनेगरचा थेंब टाका, बारीक बुडबुडे दिसतील. कापसाच्या बोळ्याला बोर्डावरच्या सोल्डर मास्कचा हिरवा रंग लागत असेल तर मास्क नीट पिकलेला नाही. तो पीसीबीवाल्याचा प्रश्न आहे, तुमच्या धुण्याचा नाही.

नो-क्लीन अर्धवट धुतला की काय होतं

१९८७ च्या माँट्रियल करारानंतर सीएफसी-११३ हे बोर्ड धुण्याचं हुकमी द्रावण जगभरातून हळूहळू हटलं आणि नो-क्लीन, म्हणजे न धुता सोडून द्यायच्या, फ्लक्सचा जम बसला. कल्पना अशी: सोल्डरिंग पुरतं काम करतील इतकीच आम्लं घालायची, उष्णतेने ती बरीचशी संपवायची आणि उरलेली रोझिनच्या थरात बंद करून टाकायची. रोझिन पाण्याला दाद देत नाही. लोणच्यावर तेलाचा थर असतो तसं हे आहे. थर अखंड असेपर्यंत खालचं टिकतं. वरचं तेल काढून बरणी दमट कपाटात ठेवली, तर बुरशी धरल्याचा दोष लोणच्याला देता येत नाही.

आयपीए आणि ब्रशने नेमकं तेच होतं. रोझिन पटकन विरघळतं, आम्लं उघडी पडतात आणि ब्रश ती सांध्यावरून उचलून आयसीच्या पायांमध्ये, व्हायामध्ये (बोर्डाच्या दोन बाजू जोडणाऱ्या भोकांमध्ये), रेझिस्टरच्या पोटाखाली नेतो. दमट हवेत ती ओलावा ओढतात. ५ किंवा १२ व्होल्ट डीसी असलेल्या दोन पॅडच्या (पार्ट सोल्डर करायच्या तांब्याच्या जागांच्या) मध्ये असं झालं तर गोष्ट नुसत्या गळतीवर थांबत नाही. धातूचे आयन एका पॅडवरून निघून दुसऱ्यावर जमतात आणि नेच्याच्या पानासारख्या बारीक फांद्या वाढतात. एक दिवस शॉर्ट होतो, शॉर्टच्या करंटने फांदी जळून जाते आणि बोर्ड पुन्हा ‘ठीक’ दाखवतो.

म्हणून नियम एकच ठेवा: नो-क्लीनला एकतर हात लावू नका, नाहीतर शेवटच्या रिन्सपर्यंत पूर्ण धुवा. ग्राहकाला चकचकीत बोर्ड आवडतो म्हणून वरवर पुसणं हा यातला सर्वांत वाईट पर्याय आहे, आणि दुर्दैवाने तोच सर्वांत जास्त चालतो.

आयपीएचा ट्रे

सकाळी भरलेल्या ट्रेमध्ये दिवसभर बोर्ड बुडत असतील तर दुपारनंतर तुम्ही बोर्डावर पातळ वार्निश चढवत असता. पुरावा सोपा आहे. ट्रेमधला एक थेंब स्वच्छ काचेवर टाका, शेजारी नव्या बाटलीतला एक थेंब. दोन्ही वाळू द्या आणि काच तिरकी करून उजेडात बघा. ट्रेच्या थेंबाचं कडं दिसलं की तो ट्रे शेवटच्या धुण्याला चालणार नाही. नव्या बाटलीच्या थेंबाचंही कडं दिसलं तर पुरवठादार बदला.

हाताने धुणं टळतच नसेल तर तीन टप्पे करा: पहिल्या ट्रेत घाण सोडवायची, दुसऱ्यात धुवायचं, आणि तिसऱ्या वेळी बोर्ड तिरका धरून वरून ताजं आयपीए सोडायचं, म्हणजे ते वाहून खाली पडेल, बोर्डावर वाळणार नाही. दुसरा ट्रे मळला की तो पहिला होतो. धुणं सोल्डरिंगनंतर शक्यतो तासाभरात करा. रात्रभर मुरलेला फ्लक्स दुप्पट हट्टी होतो.

पावसाळ्यात आणखी दोन गोष्टी छळतात. आयपीए उडताना बोर्ड थंड होतो. शेडमध्ये आर्द्रता नव्वदीला असेल तर त्या थंड पृष्ठभागावर हवेतलं पाणी धरतं आणि उरलंसुरलं रोझिन पांढरं पडतं. ऑपरेटरला वाटतं आयपीएत भेसळ आहे. उपाय म्हणजे धुतल्या धुतल्या बोर्ड ६० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवणं. पण त्याआधी आयपीए पूर्ण निथळून उडून जाऊ द्या, आणि ओव्हन हवेशीर हवा. दुसरी गोष्ट कॉम्प्रेसर. टाकीतलं पाणी रोज काढलं नाही आणि फिल्टर नसेल, तर ज्या हवेने बोर्ड ‘वाळवता’ त्याच हवेतून तेल आणि पाणी त्यावर बसतं. नळीपुढे पांढरा टिशू धरा, दहा सेकंद हवा सोडा आणि डाग पाहा.

सुरक्षेचंही इथेच सांगतो. आयपीएचा फ्लॅश पॉइंट सुमारे १२ अंश आहे. म्हणजे आपल्याकडे बारा महिने त्याची वाफ पेट घेण्याइतकी तयार असते. साध्या अल्ट्रासॉनिक टबमध्ये आयपीए भरू नका, तापवू तर नकाच, आणि ट्रे आयर्नशेजारी ठेवू नका. एनसी थिनरने स्वस्तात काम होतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तो कनेक्टरचं प्लास्टिक आणि पार्टवरची छपाई खातो, आणि त्याची वाफ आपली माणसं दिवसभर ओढतात.

टच-अपची बाटली

परत आलेल्या बोर्डांवर पांढरं कुठे आहे याचा नकाशा काढा. रीफ्लोमधून (पेस्ट वितळवणाऱ्या भट्टीतून) आलेल्या सगळ्याच सांध्यांवर ते क्वचित असतं. जिथे हाताने दुरुस्ती झाली, तिथेच बहुतेक सापडतं. कारण पातळ फ्लक्स बाटलीतून ब्रशने लावला जातो, तो आजूबाजूला सेंटिमीटरभर पसरतो आणि आयर्नची उष्णता फक्त सांध्याला मिळते. बाकीचा फ्लक्स कच्चाच राहतो. ‘नो-क्लीन’ हे वचन त्याने पुरेशी उष्णता खाल्ली असेल तरच खरं असतं. टेबलावरच्या बाटल्या काढून घ्या, फ्लक्स-कोअर तारेवर काम करायला लावा आणि अगदी लागलाच तर फ्लक्स पेन द्या. एवढ्यानेच तक्रारी ठळकपणे कमी होतात.

पण मुळात इतका टच-अप लागतो का? ब्रिजिंग (शेजारचे सांधे एकमेकांना जुळणं), सोल्डर बॉल, कमी पेस्ट. हे तिन्ही दोष बहुतेक वेळा प्रिंटिंगमधून येतात. आता स्टेन्सिलकडे वळू.

स्टेन्सिल: पुसली म्हणजे स्वच्छ झाली असं नाही

पहिले चार-पाच बोर्ड सुंदर निघतात, मग ०.५ मिमी पिचच्या (पायांमधल्या अंतराच्या) आयसीवर शॉर्ट सुरू होतात. ऑपरेटर होजिअरीची चिंधी आयपीएत भिजवून खालून फिरवतो, पुढचे दोन बोर्ड बरे येतात आणि तिसऱ्यावर कमी पेस्ट. ही साखळी ओळखीची वाटत असेल तर त्यात तीन वेगळे दोष गुंतलेले आहेत.

पहिला दोष ओलेपणाचा. भरपूर आयपीए अपर्चरमधून (पत्र्यातल्या भोकांतून) वर चढतं आणि पेस्टमधला फ्लक्स पातळ करतं. पातळ पेस्ट पसरते, म्हणून ब्रिजिंग. नंतर आयपीए उडतं, फ्लक्सचे द्रावकही सोबत नेतं आणि अपर्चरच्या भिंतीवर सुकी पावडर चिकटते, म्हणून कमी पेस्ट. एकाच चिंधीने दोन्ही टोकांचे दोष दिले. पुसायचं तर आधी किंचित ओल्या, मग कोरड्या कापडाने, आणि पेस्टच्या डेटाशीटमध्ये खालून पुसायला जे द्रावण सांगितलं असेल त्यानेच.

दुसरा दोष चिंधीचा. धागे सुटतात आणि अपर्चरमध्ये अडकतात. लिंट-फ्री वाइप महाग वाटतो, पण एका आयसीच्या रीवर्कशी त्याची किंमत लावून पाहा.

तिसरा दोष सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचा सफाईशी संबंधच नाही. दर दोन बोर्डांनी पुसावं लागत असेल तर स्टेन्सिल आणि पॅड यांच्यात फट राहते आहे आणि पेस्ट तिथून खाली सरकते आहे. बोर्डाखाली आधार नीट आहे का बघा. पॅडशेजारी छपाईची जाड रेघ किंवा स्टिकर आहे का बघा. एचएएसएल फिनिशचे (वितळलेल्या सोल्डरचा थर दिलेले) पॅड घुमटासारखे फुगीर असतात, त्यावर बारीक पिच प्रिंट करणं मुळातच अवघड. ही फट बुजवली नाही तर जगातलं कुठलंही क्लीनर तुम्हाला वाचवणार नाही.

मग डिझाइन तपासा. अपर्चरच्या तोंडाचं क्षेत्रफळ भागिले भिंतींचं क्षेत्रफळ, हे गुणोत्तर ०.६६ च्या वर हवं. ०.३ मिमीचं चौकोनी अपर्चर ०.१२ मिमी जाड पत्र्यात कापलं तर ते ०.६२५ येतं. पेस्ट भिंतीलाच चिकटून राहणार, कितीही धुवा. तेच ०.१ मिमी पत्र्यात ०.७५ येतं आणि पेस्ट सुटते. ‘स्टेन्सिल सारखी चोंदते’ ही तक्रार कित्येकदा फक्त ०.०२ मिमी जाडीची असते.

शिफ्टअखेरीची धुलाई वेगळी. उरलेली पेस्ट प्लास्टिकच्या पट्टीने काढून घ्या, ताज्या डब्यात परत टाकू नका. स्टेन्सिल लगेच धुवा. वाळलेली पेस्ट काढणं हे वेगळंच युद्ध आहे. अल्ट्रासॉनिक टँक असेल तर पाण्यावर चालणारं स्टेन्सिल क्लीनर वापरा आणि फार गरम करू नका, नाहीतर फ्रेमचा गोंद सुटतो आणि पत्र्याचा ताण जातो. टँक नसेल तर मऊ ब्रशने दोन्ही बाजूंनी. सुई, टाचणी, तारेचा ब्रश कधीच नाही: अपर्चरच्या कडेला एक ओरखडा पडला की तिथे पेस्ट कायमची अडकते. शेवटी स्टेन्सिल उजेडासमोर धरा आणि १०एक्स भिंगातून बारीक अपर्चर बघा. टाइप ४ पेस्टचे गोळे २० ते ३८ मायक्रॉनचे असतात, नुसत्या डोळ्याने त्यांचा थर कळत नाही. पूर्ण वाळल्याशिवाय स्टेन्सिल कपाटात जाऊ देऊ नका. धुतलेलं पाणी गटारात सोडू नका. त्यात धातूची पावडर आहे, ते घातक कचऱ्यात जातं.

चुकीचा प्रिंट पुसून पुन्हा प्रिंट करण्याची सवयही तपासा. कापडाने पुसलं की पेस्टचे गोळे व्हायामध्ये आणि मास्कच्या कडांमध्ये घुसतात आणि रीफ्लोमध्ये सोल्डर बॉल होऊन बाहेर येतात. असा बोर्ड आधी खरवडून मग स्टेन्सिलसारखाच धुवायचा, आणि व्हाया भिंगाखाली पाहायचे.

पूर्ण धुवायचं ठरवलं तर

खरी अडचण पोटाखालच्या जागेत आहे. क्यूएफएन (पाय बाहेर नसलेली, बोर्डाला टेकून बसणारी आयसी) खालची फट ५० मायक्रॉन किंवा त्याहून कमी असते. साध्या पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, ते तिथे नीट शिरत नाही. सॅपोनिफायर घातलेलं पाणी ३० च्या आसपास येतं, शिरतं, आणि रोझिनचा साबण करून बाहेर आणतं. पण मग शेवटचं रिन्स पुन्हा साध्या पाण्याचं असतं, म्हणून रिन्सला दाब आणि वेळ दोन्ही द्यावे लागतात. सॅपोनिफायर आत राहिलं तर ते मूळ फ्लक्सपेक्षा वाईट.

आरओचं पाणी म्हणजे डीआय नव्हे. १ मेगाओहम-सेंमी म्हणजे १ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी. शेवटच्या रिन्सला निदान एवढं तरी शुद्ध पाणी घ्या. बोर्डावरून उतरणाऱ्या पाण्यात मीटर धरा आणि आकडा स्थिर होईपर्यंत धुवत राहा. उघडे रिले, बझर, माइक, आर्द्रतेचे सेन्सर यांना पाण्यात घालू नका, ते धुतल्यानंतर बसवा. क्रिस्टल असलेले बोर्ड अल्ट्रासॉनिकमध्ये टाकण्याआधी क्रिस्टलची डेटाशीट वाचा.

कोटिंगबद्दल (बोर्डावर चढवायच्या संरक्षक थराबद्दल) एवढंच: अर्धवट धुतलेल्या बोर्डावर कोटिंग मारलं तर घाण आत बंद होते आणि ओलावा कोटिंगमधून हळूहळू पोचतोच. कोटिंग म्हणजे धुण्याला पर्याय नव्हे.

सुधारलं हे कसं कळणार?

रोझ टेस्टचा (बोर्डावरून द्रावणात उतरणारे आयन मोजणाऱ्या चाचणीचा) १.५६ मायक्रोग्रॅम प्रति चौरस सेंमी हा आकडा अजूनही बऱ्याच ड्रॉइंगवर असतो. तो जुन्या रोझिन फ्लक्सच्या काळातला आहे, आणि पूर्ण बोर्डाची सरासरी देतो. एका क्यूएफएनखालची घाण त्यात हरवून जाते. जे-एसटीडी-००१ या सोल्डरिंगच्या मानकाने २०१८ मध्ये हा सरसकट निकष म्हणून काढला आणि आपली प्रक्रिया चालते याचा पुरावा स्वतः द्या असं सांगितलं. तो पुरावा म्हणजे एसआयआर (पृष्ठभागाच्या इन्सुलेशनची) चाचणी: ४० अंश, ९० टक्के आर्द्रता, १६८ तास, आणि कंगव्यासारख्या पॅटर्नवर १०० मेगाओहमच्या खाली जायचं नाही.

चेंबर नसेल तरी तुलना करता येते. पोटॅशियम नायट्रेटचा पाण्यातला दाट लगदा बंद डब्यात ४० अंशांना ८९ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राखतो. हे खत कुठल्याही कृषी सेवा केंद्रात १३-०-४५ म्हणून मिळतं. हवाबंद डबा, तळाला उथळ भांड्यात लगदा, वर जाळीवर बोर्ड, आणि डबा ४० अंशांच्या ओव्हनमध्ये. लगदा बोर्डावर उडता कामा नये, आणि हे खत आयपीएपासून लांब ठेवा, कारण ते ज्वलनाला मदत करतं. आत कमी व्होल्टेजचा सप्लाय द्या, मेन्स नाही, आणि मोजणीच्या माळेवरची गळती रोज लिहून ठेवा. एक बोर्ड अजिबात न पुसलेला, एक ट्रेमध्ये पुसलेला, एक पूर्ण धुतलेला. आठवडाभराने तिन्ही वह्या मालकांपुढे ठेवा.

परत आलेल्या बोर्डांचं काय करायचं? ज्यांच्यावर फांद्या वाढल्या आहेत किंवा पॅड हिरवे पडले आहेत, ते दुरुस्त करून पाठवू नका. बाकीच्यांवर आधी तोच फ्लक्स लावून थर मऊ करा, मग पूर्ण धुवा, ६० अंशांवर दोन तास वाळवा, डब्यात टाकून रीडिंग पाहा आणि मगच कोटिंग करा. बोर्डाच्या नंबरसमोर कुठल्या सांध्यावर थर होता ते वहीत लिहा. एकाच सांध्याचं नाव वारंवार यायला लागलं की त्या पॅडचं अपर्चर उघडून बघा.